वयात येण्याआधीचे शब्द

वयात येण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. मुलगी ‘शहाणी होते’, तिला ‘पदर येतो’, ‘न्हाण येते’. पुढे दर महिन्याला तिला ‘कावळा शिवतो’, ती ‘बाहेरची होते’. मुलाला ‘मिसरूड फुटते’, त्याचा ‘आवाज फुटतो’. बारामती तालुक्यातील लोणी भापकर आणि तिथल्या वाड्या-वस्त्यांवर यांतले बरेच शब्द मी आजही ऐकते. त्यांची यादी करताना एक गोष्ट ध्यानात आली. हे सारे शब्द घडून गेलेल्या गोष्टीचे आहेत. दहा वर्षांच्या लेकराला आई किंवा वडील आधीच काही सांगू शकतील, असा शब्द त्यांत सापडत नाही. लैंगिक शिक्षणाला पालकांचा विरोध असतो असे आपण नेहमी म्हणतो. त्या विरोधाचा मोठा भाग म्हणजे ही शब्दांची टंचाई आहे, असे माझे निरीक्षण आहे.

पूर्वी घरोघरी पहिल्या न्हाणाचा सोहळा होई. मुलीला मखरात बसवत, तिची ओटी भरत, गोडधोड होई. ती आता सासरी नांदायला योग्य झाली, हा त्या सोहळ्याचा उघड अर्थ होता. वार्ता साऱ्या गावाला कळे. जिच्या शरीराची ती वार्ता, तिला मात्र नेमके काय झाले हे कुणी समजावून सांगत नसे. पुढच्याच महिन्यापासून तिला विटाळ म्हणून बाजूला बसवले जाई. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा पुण्यात त्यावर मोठे वादंग माजले. टिळक कायद्याच्या विरोधात होते, आगरकर बाजूने. शास्त्री, वकील, डॉक्टर, संपादक सारे बोलले. ज्या वयाच्या मुलीबद्दल ते बोलत होते, तिला काय माहीत असावे हा मुद्दा त्या गदारोळात जवळपास नव्हताच.

तो मुद्दा मराठीत नेटाने मांडला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. त्या प्रश्नोत्तरांवरून एक कळते : मोठी, लग्न झालेली माणसेही शरीराच्या साध्या प्रश्नांसाठी एका अनोळखी संपादकाला पत्र लिहीत होती, कारण घरात विचारायला कुणी नव्हते.

यानंतरचा मोठा वाद २००७चा. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवर आणि मजकुरावर आक्षेप आले, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांतून थांबवला. बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघेही पालकांच्या नावाने बोलत होते. पण मुलांपुढे काय ठेवले जाणार आहे, ते आधी पालकांपुढे ठेवावे, हा साधा मार्ग वादात मागेच राहिला.

शरीर मात्र कुणासाठी थांबत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून इशारा मिळाला की अंडाशय आणि वृषण संप्रेरके तयार करू लागतात. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात. आधी छातीला उभार येतो आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४च्या दरम्यान होते. वृषण वाढतात, मग उंची झपाट्याने वाढते, आवाज बदलतो. मुलीत आठच्या आधी किंवा मुलात नऊच्या आधी बदल दिसले, अथवा मुलीत तेरापर्यंत आणि मुलात चौदापर्यंत काहीच दिसले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पंधरापर्यंत पाळी आली नाही तरीही दाखवावे. आता आपले पाठ्यपुस्तक पाहा. मानवी प्रजननाचा आणि ऋतुचक्राचा सविस्तर पाठ येतो दहावीत. तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात. हे अंतर शाळा एकटी भरून काढू शकत नाही, कारण पहिला डाग बहुधा घरी दिसतो किंवा वर्गातून धावत घरी न्यावा लागतो.

लोणी भापकर बाहेरच्यांना ठाऊक आहे ते पुष्करणीसाठी आणि यज्ञवराहाच्या शिल्पासाठी. गाव बारामतीच्या जिरायती पट्ट्यातले. शेती, जनावरे आणि दूध यांत दिवस जातो. म्हणून पाचवी ते सातवीच्या मुलांशी बोलण्याआधी आम्ही पालकांची बैठक घेतो, ती संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर. मुलांना जी चित्रे दाखवणार, तीच आधी पालकांना दाखवतो. जे शब्द वापरणार, तेच त्यांच्यासमोर मोठ्याने उच्चारतो. योनी, गर्भाशय, शिश्न, वृषण. पहिल्यांदा पदर तोंडाशी जातो, कुणी हसते. तिसऱ्यांदा ऐकले की ते शब्द कोपर किंवा घोटा या शब्दांच्या रांगेत येऊन बसतात.

आयांच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, “बाई, आमाला पाळी आली तवा वाटलं कायतरी लागलंय. कुणी सांगितलंच न्हाई. आता पोरीला आमी काय सांगायचं?” वरवर ऐकले तर कुणी याला संकोच म्हणेल. मला तो शिकण्याचा अर्ज वाटला. मग आम्ही बोललो : पाळीत जाणारे रक्त अशुद्ध नसते, गर्भाशयाने तयार केलेले अस्तर त्यासोबत बाहेर पडते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. पहिली एक-दोन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर पडले तरी घाबरू नये. आंघोळ करावी, खेळावे, लोणच्याला हात लावावा.

वडील उशिरा येतात आणि दाराजवळ बसतात. “पोरांना यात काय सांगायचंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर त्यांच्याच आठवणीत असते. झोपेत वीर्य बाहेर येण्याला आपल्या भाषेने ‘स्वप्नदोष’ असे नाव दिले आहे. निसर्गाच्या कामाला भाषेनेच दोष ठरवले. मग ‘ताकद जाते’ ही भीती आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती यांची गाठ पडते. ही भीती आपण किती वर्षे एकट्याने वाहिली, हे बैठकीतल्या एकाने सांगितले आणि इतरांच्या माना हलल्या. तेव्हापासून त्या शब्दाऐवजी आम्ही सरळ ‘झोपेत वीर्य येणे’ म्हणतो.

बैठक संपताना प्रत्येक पालक काही वाक्ये घेऊन जातो : “तुझ्या अंगात आता बदल होतील. ते सगळ्यांनाच होतात, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. काही वाटलं तर मला विचार. मला माहीत नसलं तर आपण दोघं मिळून कुणाला तरी विचारू.” यातले शेवटचे वाक्य पालकांना सर्वांत जास्त धीर देते. सगळे माहीत असण्याची सक्ती त्याने संपते.

त्यानंतर वर्गात खोका ठेवला जातो आणि मुले बिननावाच्या चिठ्ठ्या टाकतात. ‘पाळी आली की उंची थांबते का?’ लगेच थांबत नाही, पण वाढीचा वेग कमी होतो. ‘माझ्या छातीत गाठ आली, मी मुलगी होणार का?’ हा प्रश्न मुलाचा असतो. वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांत असे होते आणि बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. हे एक वाक्य न मिळाल्यामुळे एखादा मुलगा विहिरीवर पोहायला जायचे टाळत असतो.

‘सांगितले की मुले बिघडतील’ ही शंका खरी काळजी म्हणूनच ऐकावी लागते. युनेस्कोने २००९मध्ये काढलेल्या आणि २०१८मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे अज्ञानाची किंमत वेगळ्या जागी मोजली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाची झाली, हा मखराचा अर्थ अजून पुसलेला नाही. तेराव्या वर्षी शरीर वाढीच्या मध्यावर असते, हे आईबापांना चित्रासह कळणे म्हणूनच मोलाचे आहे.

भागीदारीला एक मर्यादाही आहे आणि ती पालकांना पहिल्याच दिवशी सांगावी लागते. खोक्यातली चिठ्ठी कुणाची, हे विचारायचे नाही. शरीराच्या अवयवांची नावे मुलांना शिकवायची ती यासाठीही की कुणी नको तिथे हात लावला तर त्यांना ते नेमके सांगता यावे; आणि हात लावणारा बऱ्याचदा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील प्रत्येक मुलाला संरक्षण आहे, आणि १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा. पालक सोबत हवेत, पण मुलाचे शरीर त्यांच्या परवानगीचा विषय नाही. ही रेघ आधी आखली की बहुतेक पालक ती मान्य करतात.

८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. तिच्यातून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट मिळण्याची सोय झाली. पॅड गावात आले. ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून घरी जात राहिले. वस्तू पोचवणे सरकारला जमते. ती पिशवी उघडून लेकीला “ये, दाखवते” म्हणणे घरातल्या माणसालाच जमेल, आणि ते तिला गरज पडण्याच्या वर्षभर आधी व्हायला हवे. पाचवीचे वर्ष त्यासाठी योग्य आहे.