‘हे शिकून मुलगी करणार काय?’

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन रविवार आम्ही काही मित्र मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतो. येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. नीटमध्ये एवढे मार्क आहेत, काय मिळेल? डी. फार्मसी की बी. फार्मसी? उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा? आर्ट्सची मुले मात्र मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि बहुतेक वेळा न विचारताच निघून जातात. यंदा त्यातली एक मुलगी थेट पुढे आली. मलाला युसुफझाईने जी पदवी घेतली ती आपल्याकडे मिळते का, असे तिने विचारले. सोबत वडील होते. मुलगी बोलून थांबली तसे ते म्हणाले, “मलालाचं ठीक आहे हो, सर. हे शिकून आमची मुलगी करणार काय?”

रांग मोठी होती. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर तुटक होते, म्हणून ते इथे नीट लिहितो.

मलालाने २०२० साली ऑक्सफर्डमधून जी पदवी घेतली तिचे नाव तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पीपीई’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, ऑक्सफर्डने हा अभ्यासक्रम काढला. तोपर्यंत ग्रीक-लॅटिनचे जुने ग्रंथ शिकून माणूस राज्यकारभाराला लायक होतो अशी तिथली समजूत होती. बदललेले जग चालवायला आजचे विषय लागतील, हा नव्या अभ्यासक्रमामागचा विचार. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सक्तीचे, पुढे हवे तर एक सोडता येतो. शिकवण्याची पद्धत मात्र आपल्याहून फार निराळी. दर आठवड्याला वाचून निबंध लिहायचा आणि तो घेऊन शिक्षकांसमोर बसायचे. समोर विद्यार्थी दोन किंवा तीन, त्यामुळे पाठांतर केले असेल तर दहा मिनिटांत पितळ उघडे पडते.

बेनझीर भुट्टो आणि इम्रान खान हे पाकिस्तानचे दोन पंतप्रधान हेच शिकले. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तिथे जाऊन हेच शिकले. ब्रिटनच्या पंतप्रधानांची तर रांगच आहे : विल्सन, हीथ, कॅमेरॉन, ट्रस, सुनक. त्यातल्या लिझ ट्रस यांच्या सरकारने २०२२ मध्ये असा काही अर्थसंकल्प मांडला की बाजार कोसळला आणि पंतप्रधान झाल्यापासून सात आठवड्यांत त्यांना खुर्ची सोडावी लागली. तेव्हा पदवी घेतली म्हणजे शहाणपण आले, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. थोडे-थोडे सगळे शिकून कशातच पक्का नसलेला माणूस तयार होतो, ही या पदवीवरची टीका तिच्या जन्मभूमीतही ऐकू येते.

मग तीन विषय एकत्र कशाला? आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना पहिला प्रश्न निसाबचा असतो. साडेसात तोळे सोने, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. रसूलुल्लाह (स.) यांच्या काळात वीस दीनार आणि दोनशे दिरहम यांची किंमत साधारण सारखी होती. आज चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त झाली आहे. चांदीचा निसाब धरला तर थोडी बचत असलेल्या शिक्षिकेवरही जकात लागू होते, सोन्याचा धरला तर ती सुटते. चांदी मागे का पडली, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. जकातीचा हेतू काय, आणि शंका असेल तेव्हा गरिबाचे हित आधी पाहायचे की मध्यमवर्गीय घराची ओढाताण, हा तत्त्वज्ञानाचा. आणि ती गोळा कुणी करायची, वाटायची कुणी, हिशेब कुणाला द्यायचा, हा राज्यशास्त्राचा. (मसला उलेमांनाच विचारावा. फतवा देणे आमचे काम नाही.) हे तीन प्रश्न वेगळे करता आले नाहीत तर चर्चा दस्तरखानवर सुरू होते आणि आवाज चढवून संपते. आमच्याही घरी तसे झाले आहे.

दुसरे उदाहरण कडू आहे. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांतले तात्पुरते चालू ठेवले. म्हणजे शिक्षणाचे दार किलकिले राहिले होते. पण विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाल्यावर ठरावीक मुदतीत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. तसाच तो संपला. आजही कोपऱ्यावरच्या हॉटेलात निम्मे लोक म्हणतात की कोर्टाने आरक्षण काढले, आणि उरलेले म्हणतात की ते धर्मावर होते म्हणून टिकले नाही. धर्माच्या आधारावर आरक्षण आणि धर्मातल्या मागासांना आरक्षण यांतला फरक आपल्या बाजूने नीट, शांतपणे मांडणारी किती माणसे आपल्यात आहेत?

सच्चर समितीचे तेच. २००६ च्या त्या अहवालाने सांगितले की आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के आहेत. हे आकडे आपण भाषणांत ऐकतो. ते ज्या समितीने जमवले तिचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थशास्त्रज्ञ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुःख सगळ्यांनाच होते, पण ते सरकारला नाकारता येणार नाही अशा तक्त्यात बसवायला शिकलेला माणूस लागतो.

आणि हे शिक्षण आपल्याला परके नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. राजवट नवी असते तेव्हा कर हलके असूनही खजिना भरतो आणि ती म्हातारी होते तेव्हा कर जड असूनही खजिना रिकामा राहतो, हे त्यांनी तेव्हा दाखवून दिले. इक्बाल आपल्याला शायर म्हणून माहीत आहेत. पण तत्त्वज्ञान शिकलेल्या या माणसाचे पहिले पुस्तक अर्थशास्त्रावर होते, ‘इल्मुल इक्तिसाद’, १९०४. पुढे ते पंजाबच्या कायदेमंडळावर निवडून गेले. डॉ. झाकीर हुसेन यांनी बर्लिनमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली, प्लेटोचे ‘रिपब्लिक’ उर्दूत आणले, जामिया चालवली आणि १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. आणि आपल्याच महाराष्ट्रातले बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, मग कोलंबियात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञांकडे शिकले.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. एकविसाव्या वर्षी डी. फार्मसीवाल्या मुलाला जशी लगेच दुकानात जागा मिळते तशी या पदवीवर मिळत नाही. हे लपवून मुलांना आर्ट्सकडे वळवणे पाप होईल. ही पदवी म्हणजे पायरी आहे. तिच्यावरून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाता येते, एम.ए. आणि नेट-सेट करून प्राध्यापकीकडे, पत्रकारितेकडे किंवा स्पर्धा परीक्षांकडे वळता येते. यूपीएससीला हे तिन्ही विषय वैकल्पिक म्हणून चालतात, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सर्वांनाच आहे.

या नावाचीच पदवी हवी असेल तर सोनीपतच्या अशोका विद्यापीठात ती आहे. फी मोठी आहे, पण घरची परिस्थिती पाहून मदत मिळते, तेव्हा आकडा बघून लगेच पान उलटू नये. नाही तर जवळच्या कॉलेजात बी.ए.ला अर्थशास्त्र मेजर आणि राज्यशास्त्र मायनर घ्यावे. अडचण तत्त्वज्ञानाची येते, कारण बऱ्याच कॉलेजांत तो विभागच नसतो. अकरावीत तर्कशास्त्र मिळत असेल तर ‘स्कोरिंग नाही’ म्हणून सोडू नका. आणि गणिताला घाबरून आर्ट्सला आलेल्या मुलांनी हेही ऐकून ठेवावे की अर्थशास्त्रात पुढे गेले की गणित दार अडवून उभे असते.

दुसऱ्या रविवारी तो बाप पुन्हा आला, या वेळी एकटाच. अर्थशास्त्राला प्रवेश घेतला होता. त्याने खिशातून दुमडलेला कागद काढला. मुलीने जकातीचा हिशेब दोन रकान्यांत मांडला होता, एक सोन्याचा, एक चांदीचा. “आता ती मला विचारते, अब्बा, तुम्ही इतकी वर्षं कुठला धरत होता?” तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि तर्कशास्त्राचे जुने पुस्तक कुणाकडे मिळेल का, ते विचारू लागला.