डिजनरेट ऊर्जापट्ट

स्फटिकातील एकाच तरंग सदिशासाठी दोन किंवा अधिक इलेक्ट्रॉन-अवस्थांची ऊर्जा समान असेल, तर त्या ऊर्जापट्टांना त्या ठिकाणी डिजनरेट म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा व्यवहारातील अर्थ ‘अधोगती झालेला’ असा असला, तरी येथे अधोगतीचा काही संबंध नाही; अभिप्रेत आहे ती केवळ ऊर्जेची समानता.

पट्टआलेखात आडव्या अक्षावर तरंग सदिश आणि उभ्या अक्षावर ऊर्जा दाखवतात. डिजनरेट पट्टांच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत पडत असल्याने तेथे एकच रेषा दिसते. ती एकच पट्ट मानली, तर इलेक्ट्रॉनांचा हिशेब चुकतो आणि पदार्थ धातू की अर्धसंवाहक, हा निष्कर्षही चुकू शकतो.

सिलिकॉनचे उदाहरण

सिलिकॉनच्या लघुतम एकक कोशात 2 अणू, म्हणजे 8 संयुजा इलेक्ट्रॉन असतात. स्पिनमुळे प्रत्येक पट्टात 2 इलेक्ट्रॉन मावतात. म्हणून भरलेले पट्ट 4 असले पाहिजेत. आलेखात मात्र गॅमा ते एक्स या मार्गावर संयुजा पट्टांच्या तीनच रेषा दिसतात, कारण सर्वांत वरची रेषा दुहेरी आहे. गॅमा बिंदूवर तिला तिसरा पट्ट येऊन मिळतो. एक्स बिंदूवर तर दोनच रेषा उरतात; तेथे प्रत्येक रेषा दुहेरी असते. गॅमा ते के या मार्गावर सममिती कमी असल्याने चारही पट्ट वेगळे होतात. रेषा कोठे फुटतात हे पाहणे, हाच ओळखीचा सर्वांत सोपा मार्ग होय.

स्पिन-कक्षा परस्परक्रिया गणितात धरल्यास गॅमा बिंदूवरील तिहेरी समानता भंगते. सिलिकॉनमध्ये हे अंतर सुमारे 0.044 इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर जर्मेनियममध्ये सुमारे 0.29 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. बारा-तेरा इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आलेखात पहिले अंतर नजरेस पडतच नाही. त्यासाठी ऊर्जांची कोष्टके पाहावी लागतात.

फसवे छेद

दोन रेषा जवळ आल्या म्हणजे पट्ट डिजनरेट झालेच, असे नाही. समान सममितीचे पट्ट सामान्यतः एकमेकांना टाळतात. शिवाय अनेक आज्ञावल्या ऊर्जांची चढत्या क्रमाने मांडणी करून बिंदू जोडतात, त्यामुळे खरा छेदही टाळलेल्या छेदासारखा भासतो. अशा ठिकाणी तरंग सदिशाचे बिंदू अधिक दाट घेऊन गणित पुन्हा करतात आणि अवस्थांची सममिती तपासतात.

फोनॉन आलेख

हीच मोजणी स्फटिकातील कंपनांच्या, म्हणजे फोनॉनांच्या, आलेखालाही लागू पडते. गोवंडीलगतच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे पुढे संचालक झालेले पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासह न्यूट्रॉनांच्या साहाय्याने जर्मेनियमची कंपने मोजली. हे काम 1958 मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मेनियमला फोनॉनांच्या 6 शाखा असतात, परंतु घनाच्या कडेच्या आणि कर्णाच्या दिशेने चारच रेषा दिसतात, कारण आडव्या कंपनांच्या शाखा जोडीने एकमेकींवर पडतात.