उजव्या कोपऱ्यातली नावं

गारखेड्यातल्या त्या साइटवर मी पोचलो तेव्हा मिस्त्रीमामा कॉलमच्या सळयांशेजारी शीट उलगडून उभे होते. घड्या पडून पडून कागद कापडासारखा मऊ झालेला, एका कडेला सिमेंटचा हात उमटलेला. त्यांनी शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याच नंबरला फोन लावला होता मी. आता आमचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा."

मामांचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची, ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसची होती.

झालं होतं असं. फाउंडेशन भरून झाल्यावर मालकांनी आरसीसी कन्सल्टंट बदलले. नव्यांनी हिशेब पुन्हा केला आणि तळमजल्याच्या चार कॉलमांत १६ मिलिमीटरच्या आठ सळया होत्या, त्या २० च्या केल्या. चार मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सळईचा छेद व्यासाच्या वर्गानं वाढतो. १६ चे २० झाले की कॉलममधलं लोखंड दीडपटीहून जास्त होतं. नवं शेड्यूल साइटवर पोचलं होतं, जुनंही तिथंच होतं. मामांना दोन कागदांत फरक दिसला आणि त्यांनी जबाबदार माणसानं करावं तेच केलं. सेंटरलाइनच्या शीटवर आरसीसी कन्सल्टंट म्हणून जो मोबाइल नंबर छापला होता, तो लावला.

नंबर जुन्या कन्सल्टंटचा. मालकांनी त्यांना काम थांबल्याचं कळवलं होतं, दुसऱ्याला दिल्याचं नाही. त्यांनी आपली फाइल काढली आणि सांगितलं, "आठ सळया, सोळाच्या. बरोबर आहे." आपल्या परीनं तेही खरंच बोलले. मामांनी सळई बांधली, रिंगा टाकल्या. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी नवे कन्सल्टंट तपासणीला आले, खाली बसून त्यांनी सळईला टेप लावला आणि काम थांबवलं. चारही कॉलम सोडून पुन्हा बांधायला दोन दिवस गेले. टेप लावला गेला नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही माझी झोप घालवतो.

ऑफिसात परतून मी सगळ्या शीटा काढल्या. एकूण ४६. त्यातल्या ४३ शीटांवर नवं नाव होतं, तिनांवर जुनं. आमचा टायटल ब्लॉक ऑटोकॅडमधला साधा ॲट्रिब्यूट ब्लॉक होता. नाव, पत्ता, फोन हे सगळे त्याचे रकाने. एका आज्ञेत सगळ्या फाइलींत बदलता येतात. पण कधीतरी रात्री उशिरा कुणीतरी त्या तीन शीटांवर 'बर्स्ट' केलं होतं. बर्स्ट केलं की ब्लॉक फुटतो आणि रकान्यातलं नाव साधा मजकूर होऊन बसतं. दिसायला तंतोतंत तसंच, पण आता त्याचा कशाशी संबंध उरलेला नाही. आज्ञा त्याच्या शेजारून निघून जाते. स्क्रीनवर पाहून हे कळत नाही, क्लिक केल्यावरच कळतं, आणि ४६ शीटांवर एकेक करून क्लिक करायला सबमिशनच्या आदल्या रात्री कुणाला वेळ असतो?

इमारतीचे फोटो मासिकात छापून येतात, शीटचा कोपरा कुणी छापत नाही. पण साइटवरच्या माणसासाठी आमचं ऑफिस म्हणजे तोच कोपरा. तो उजवीकडे खालीच का असतो, हे मला माझ्या पहिल्या नोकरीत कळलं. तेव्हा ट्रेसिंगवर रोटरिंग पेननं काम चालायचं आणि अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चुरचुरायचे. आमचे थोरले ड्राफ्ट्समन काका नवीन पोराला पहिल्या दिवशी शीट काढायला देत नसत, घडी घालायला देत. ए-वन कागद, ८४१ बाय ५९४, त्याची ए-फोर आकाराची घडी घालायची आणि शेवटी वरच्या बाजूला टायटल ब्लॉकच आला पाहिजे. फाइलीत शंभर शीटा लावल्या तरी एकही न उलगडता हवी ती सापडली पाहिजे. पुढे आयएसओ ७२०० वाचलं तेव्हा समजलं की टायटल ब्लॉकची रुंदी १८० मिलिमीटर का धरलीय. ए-फोरची रुंदी २१०. त्यातले फायलिंगसाठी डावीकडचे २० गेले, उजवीकडचे १० गेले, उरले १८०. काकांनी ते मानक बहुतेक पाहिलंही नसेल, त्यांच्या घडीत मात्र ते बसलेलं होतं.

त्या १८० मिलिमीटरात काय काय कोंबतो आपण! आर्किटेक्टचं नाव आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मग मालक, आरसीसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एसी, फायर, लँडस्केप. शेंद्रा किंवा वाळूजच्या कारखान्याचं काम असेल तर ही यादी आणखी लांबते. प्रत्येकाला आपला लोगो हवा असतो, आणि लोगो बसवता बसवता फोन नंबर इतका बारीक होतो की ए-थ्री प्रिंटवर मुंगीसारखा दिसतो. त्या प्रसंगानंतर आम्ही सगळे लोगो काढून टाकले. काही कन्सल्टंट नाराज झाले. नंबरचा टाइप मात्र मोठा झाला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पुढे ऑफिस रेव्हिटवर आलं. सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. रेव्हिटमध्ये प्रकल्पाची माहिती एकाच जागी भरायची असते, 'प्रोजेक्ट इन्फर्मेशन'मध्ये. मालकाचं नाव, प्रकल्पाचं नाव, पत्ता तिथं बदलला की सगळ्या शीटांवर बदलतो. पण त्यात कन्सल्टंटसाठी तयार रकाना नाही. तो आपण करावा लागतो, आणि टायटल ब्लॉकच्या लेबलमध्ये यायचा तर तो 'शेअर्ड पॅरामीटर'च असावा लागतो. शेअर्ड पॅरामीटर राहतात एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. त्या फाइलनं आमचा आठवडा खाल्ला.

आमच्यातल्या एका हुशार मुलीनं घरी बसून टायटल ब्लॉक तयार केला, देखणा. प्रोजेक्टमध्ये आणला, प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये आरसीसी कन्सल्टंटचं नाव भरलं, पण शीटवर काही ते येईना. पुन्हा भरलं, फाइल बंद करून उघडली, टायटल ब्लॉक पुन्हा लोड केला, तरी नाही. स्पेलिंगची अक्षरं एकेक करून जुळवून पाहिली, ती अचूक होती. तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. तिनं घरच्या कॉम्प्युटरवर शेअर्ड पॅरामीटरची नवी फाइल केली होती आणि तिच्यात त्याच नावाचा रकाना पुन्हा तयार केला होता. आपण नाव वाचतो, रेव्हिट नाव वाचत नाही. प्रत्येक शेअर्ड पॅरामीटरला तयार होतानाच एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो आणि रेव्हिट फक्त तोच ओळखतं. एकाच नावाची, एकाच गावची, पण आधार क्रमांक वेगळा असलेली दोन माणसं असावीत, तसे ते दोन रकाने होते. तेव्हापासून ती टेक्स्ट फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर एकच आहे. तिच्यात नवा रकाना घालायचा अधिकारही एकालाच आहे. त्या मुलीलाच तो दिला, कारण ती फाइल किती मोलाची आहे हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

खरा पेच त्यापुढे होता. गारखेड्याच्या इमारतीचं फाउंडेशन जुन्या कन्सल्टंटांचं आणि वरचे कॉलम नव्यांचे. नाव एकाच जागी भरलं आणि ते सगळ्या शीटांवर बदललं, तर फूटिंगच्या शीटवरही नव्या माणसाचं नाव जाईल. ज्या फूटिंगचा हिशेब त्यांनी केलाच नाही, त्याची जबाबदारी त्यांच्या नावावर! आपोआप बदलणं ही सोय आहे, पण त्या कोपऱ्यातलं नाव म्हणजे नुसती माहिती नव्हे, त्यामागे सही असते. म्हणून आम्ही दोन वेगळे रकाने केले. संपर्काची यादी प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये, म्हणजे आज फोन कुणाला लावायचा ते सगळ्या शीटांवर एकसारखं राहतं. आणि 'ह्या शीटचं डिझाइन कुणाचं' हा रकाना शीटच्या वर्गात, म्हणजे प्रत्येक शीटला स्वतःचा. मग शीट लिस्टचं टेबल काढलं की ४६ शीटा आणि त्यांच्यासमोर ४६ नावं एका नजरेत दिसतात आणि तिथंच दुरुस्तही करता येतात. एक गोष्ट आम्हाला ठेच लागल्यावर कळली: आरसीसी कन्सल्टंटचं मॉडेल वेगळ्या फाइलीत असतं आणि आपण ते लिंक करतो. आपली प्रोजेक्ट इन्फर्मेशन त्यांच्या फाइलीत जात नाही, त्यांच्या शीटा त्यांच्याच फाइलीतलं वाचतात. म्हणून नाव बदललं की प्रत्येक कन्सल्टंटला कळवावंच लागतं. ते काम माणसाचंच आहे.

आणि मग २०२३ साल आलं. २४ फेब्रुवारीला आमच्या शहराचं, औरंगाबादचं, नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या मॉडेलांमध्ये पत्त्याचा रकाना बदलायला प्रत्येकी दहा सेकंद लागले. पण तेव्हा नाव बदललं होतं फक्त शहराचं. जिल्हा आणि तालुक्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबरमध्ये निघाली. मधल्या सहा-सात महिन्यांतल्या आमच्या शीटांवर छत्रपती संभाजीनगर, जिल्हा औरंगाबाद असा पत्ता आहे. पाहणाऱ्याला चूक वाटेल, पण त्या दिवसांपुरता तोच बरोबर होता.

त्याच वर्षी एका मालकांना बँकेसाठी २०२१ चा मंजूर नकाशा पुन्हा छापून हवा होता. ऑफिसातल्या पोरानं जुनी फाइल उघडली आणि प्लॉटरला सोडली. त्या फाइलीत टायटल ब्लॉक एक्सरेफ होता, म्हणजे बाहेरच्या एका सामाईक फाइलीतून येणारा, आणि ती फाइल आम्ही नुकतीच सुधारली होती. कागद बाहेर आला तो असा: तारीख २०२१ ची, पत्ता छत्रपती संभाजीनगरचा, आणि तोवर बदललेल्या प्लंबिंग कन्सल्टंटचं नाव त्यावर. मंजुरीच्या मूळ प्रतीवर शिक्का औरंगाबाद महानगरपालिकेचा. बँकेत असा कागद गेला असता तर मालकांनी काहीही न करता त्यांच्यावर बनावट कागदाचा संशय आला असता. मालकच ते पाहून म्हणाले, "अहो, हा नकाशा माझा नाहीच." त्या दिवसापासून दिलेली प्रत्येक शीट त्याच दिवशी पीडीएफ करून तारखेच्या फोल्डरात जाते. तिला पुन्हा कुणी हात लावायचा नाही.

ह्या गावाला मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं तेव्हा ते खडकी होतं, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक काळाच्या कागदावर त्या काळचं नाव राहिलं म्हणून तर आपल्याला हा क्रम सांगता येतो.

आमच्याकडे नवीन मुलं रुजू झाली की मी त्यांना एकदा बीबी का मकबऱ्यात घेऊन जातो. घुमट आणि मिनार त्यांनी शाळेच्या सहलीतच पाहिलेले असतात. मी त्यांना मुख्य प्रवेशद्वाराशी थांबवतो. पितळी पत्र्यानं मढवलेल्या त्या दारावर एक लेख आहे आणि त्यात दोन नावं आहेत: स्थपती अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. आर्किटेक्ट वेगळा, इंजिनिअर वेगळा, दोघांची नावं दोघांच्या कामासकट. इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळचं कैलास लेणं आहे. अख्खा डोंगर वरून खाली कोरून काढणाऱ्या त्या आखणीकाराचं नाव आपण आजही शोधतोय. मकबऱ्याचं तसं झालं नाही, कारण कुणीतरी ते दारावर लिहून ठेवलं. मुलं आधी फोटो काढतात, मग काही वेळानं गप्प होऊन तो लेख पाहत राहतात. मला तेवढं पुरतं.

मिस्त्रीमामा आता काम करत नाहीत, ती इमारत उभी आहे आणि तिच्यात लोक राहतात. ड्रॉइंग काढणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना एकच विनंती आहे. शीटा साइटवर धाडण्याआधी त्यातली एक प्रिंट काढा, कोपऱ्यातल्या प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावा आणि विचारा, "हे काम अजून आपल्याकडेच आहे ना?"