नववीला कुठे?

मार्च उजाडला की शाळेच्या फलकावर कागदांची गर्दी होते. सुरतेत उधन्याहून सचिनकडे जाणाऱ्या पट्ट्यातल्या, पालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत तशीच ती होती. धुळवडीची सुट्टी, आनंद मेळा, 14 एप्रिलचा कार्यक्रम, वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक, आठवीचा निरोप समारंभ, वेकेशन. या सगळ्यांच्या खाली निळ्या शाईत हाताने लिहिलेली एक ओळ होती: ‘आठवीच्या पालकांनी दाखला न्यायला येताना मूल नववीला कुठे जाणार ते सांगावे.’ बाकीच्या सूचना कुठल्याही शाळेत दिसतात. ही दुसरीकडे कुठे वाचली नव्हती. ती कोणी लिहिली हे विचारत मी आठवीच्या वर्गापर्यंत गेले.

लिहिणाऱ्या मॅडम अमळनेरकडच्या, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. त्यांच्या वर्गातले बहुतेक पालकही तिकडचेच: अमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, नंदुरबार. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत उतरत आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली असे करत शहराच्या दक्षिणेला पसरली. या भागाचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्मही जळगाव जिल्ह्यातलाच. सुरत पालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत मराठी आहे ते या माणसांमुळे.

सचिन स्वतः पालिकेत आले ते 2020 साली. त्याआधी ती वेगळी नगरपालिका होती आणि त्याही आधी सिद्दी नवाबांचे संस्थान. आता सचिन म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहतच आठवते. लूम, डाइंग-प्रिंटिंगच्या मिली, रसायनांचे कारखाने. दुपारी वारा फिरला की ओले कापड, रंग आणि वाफ यांचा मिळून एक वास वर्गात येतो. मुलांना तो जाणवतही नाही. मला तो दिवसभर जाणवत राहिला. 2022 च्या जानेवारीत एका पहाटे याच वसाहतीत टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडताना वायू पसरला आणि सहा कामगार गेले. त्या पहाटेची आठवण वर्गातल्या काही मुलांच्या घरी अजून निघते.

शाळेचा दिवस इतर शाळांसारखाच: प्रार्थना, हजेरी, तास, मध्यान्ह भोजन, पुन्हा तास. वसंतात त्यात भर पडते ती कागदपत्रांची, आणि मॅडमचे खरे काम तिथे सुरू होते.

‘‘बारा हजार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर्षाला बारा हजार, चार वर्षं. एवढंच मी पालकांना सांगत असते.’’

हे बारा हजार म्हणजे केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती, शाळेत सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. आठवीत परीक्षा द्यायची: बौद्धिक क्षमतेचे 90 प्रश्न, अभ्यासक्रमावरचे 90. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. आणि मूल पुढे सरकारी, अनुदानित किंवा पालिकेच्याच शाळेत शिकायला हवे. गल्लीतल्या विनाअनुदानित खासगी शाळेत घातले की शिष्यवृत्ती गेली. ही शेवटची अट पालकांना कोणी सांगत नाही. मॅडम ती प्रत्येकाला दोनदा सांगतात.

परीक्षा अवघड आहेच, पण तिच्यापेक्षा कागद अवघड. आधार कार्ड महाराष्ट्रातले, त्यावर नाव आधी आणि आडनाव शेवटी. इथल्या रजिस्टरात आडनाव आधी. बापाचे नाव एकीकडे ‘ज्ञानेश्वर’, दुसरीकडे ‘ग्यानेश्वर’. बँक खाते आईच्या नावाचे, लागते मुलाच्या नावाचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत रांग, आणि रांगेत उभे राहायचे म्हणजे खात्यातली एक पाळी बुडते. लूमच्या कारखान्याला इथे खाते म्हणतात. तिथे पाळी बारा तासांची. जो बाप बारा तास उभा राहून घरी येतो त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहावे, अशी आपल्या योजनांची अपेक्षा असते. मला ती क्रूर वाटते.

आनंद मेळ्याच्या दिवशी मैदानात टेबले मांडली होती. भेळ, वडापाव, लिंबू सरबत, एका कोपऱ्यात खानदेशी शेवभाजी. सहावी-सातवीची मुले ओरडून गिऱ्हाईक बोलावत होती. भेळेच्या टेबलामागे आठवीतली एक मुलगी मात्र गप्प उभी होती आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहीत होती. मुरमुरे इतक्याचे, शेव इतक्याची, कांदा घरून. एका सरांनी पन्नासची नोट दिली तेव्हा तिने मान वर न करता उरलेले पैसे मोजून हातात ठेवले. मेळा संपल्यावर तिच्या गटाच्या हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे नव्हता. मॅडमनी मला हळूच सांगितले, एनएमएमएसला हिच्याकडून आशा आहे.

मी तिला विचारले, नववीला कुठे?

‘‘अजून ठरलं नाही,’’ ती म्हणाली. परीक्षा संपली की घरचे सगळे गावाला जाणार होते. चुलत बहिणीचे लग्न, मग आखाजी. खानदेशात अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधतात, घागर भरतात, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. ते सगळे ती डोळे मोठे करून सांगत होती. तिची आई घरी साड्यांवर स्टोन चिकटवते, मुलगीही हातभार लावते. ‘‘वेकेशनमध्ये जास्त साड्या येतात का?’’ असे विचारल्यावर ती म्हणाली, लग्नसराईत येतात, तेव्हाच आम्ही गावाला असतो, म्हणून परत आल्यावर आई जास्त घेते.

परत आल्यावर म्हणजे जूनमध्ये. नेमके तेव्हाच नववीचे प्रवेश.

आठवी हा गुजरातमध्ये प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मुलाला आठवीपर्यंत, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत शाळेची हमी देतो. बालमजुरीचा कायदा 2016 साली बदलला, त्यात चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला मनाई झाली, घरच्या कामाचा अपवाद सोडून. चौदा ते अठराच्या मुलांना बंदी आहे ती फक्त धोकादायक कामांची. दोन्ही कायद्यांची ढाल एकाच वाढदिवसाला बाजूला होते. सचिनसारख्या ठिकाणी, जिथे बॉबिन भरायला, धागे कापायला, स्टोन लावायला हात कायम हवे असतात, तिथे त्या वाढदिवसानंतरचे तीन महिने सगळे ठरवतात. शहाण्या माणसांनी हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले असते तर नववी-दहावी मोकळी सोडली नसती.

पुढची सोय अजिबात नाही असे नाही. पालिकेच्या सुमन हायस्कूल शाळा आहेत, मराठीतही शिकवतात. पण शाळा आहे आणि मूल तिथे पोहोचले यांत अंतर आहे. मराठी माध्यमाची हायस्कूल घरापासून दूर पडली तर मुलीला रिक्षाचे भाडे लागते, आणि मुलाला ते मिळते तिथे मुलीला बऱ्याचदा मिळत नाही. बारा हजारांतून रिक्षा भागते. म्हणून मॅडमसाठी ते बारा हजार बक्षीस नाहीत, मुलीचे भाडे आहे.

दाखला देताना त्या एक वही उघडतात. नाव, गावचा पत्ता, दोन फोन नंबर (एक इथला, एक गावच्या काकाचा किंवा मामाचा), आणि शेवटच्या रकान्यात नववीची शाळा. ज्यांचा रकाना रिकामा, त्यांना जूनमध्ये फोन. ‘‘आम्ही अजून गावलेच शेत,’’ म्हणजे अजून गावीच आहोत, असे उत्तर आले की पुन्हा चार दिवसांनी. ही वही त्यांना कोणी ठेवायला सांगितलेली नाही. सरकारी नमुन्यात ती कुठेच बसत नाही, वर कोणी ती मागत नाही. ऑनलाइन हजेरी रोज भरली जाते, पण शाळा सुटलेल्या मुलाची हजेरी घेणारे माणूस म्हणजे या एक बाई.

जूनमध्ये गुजरातभर प्रवेशोत्सव होतो. 2003 पासून मंत्री आणि अधिकारी गावोगावच्या शाळांत जाऊन लहान मुलांना दप्तर देतात. अलीकडे नववी-अकरावीच्या मुलांचेही स्वागत होऊ लागले आहे, हे चांगलेच झाले. पण स्वागत होते ते आलेल्या मुलांचे. न आलेल्यांच्या दारात कोणीतरी जायला हवे, आणि ते एका वर्गशिक्षिकेच्या मोबाइलच्या रिचार्जवर सोडून देणे बरोबर नाही.

निरोप समारंभात आठवीच्या मुलांनी भाषणे केली, मुली रडल्या, सगळ्यांना एकेक पेन मिळाले. भेळेच्या हिशेबवाली मुलगी सूत्रसंचालन करत होती. मराठी स्वच्छ, मध्येच एखादा गुजराती शब्द, आणि मैत्रिणींशी बोलताना अहिराणी. तीन भाषा सहज बोलणाऱ्या या मुलीला कापडाच्या बाजारात उद्या कोणीही कामाला ठेवील. तिने त्याआधी बारावी व्हावी, एवढेच मॅडमचे म्हणणे आहे आणि माझेही.

सुरतेत मराठी मंडळे पुष्कळ आहेत. शिवजयंती, गणपती, कानबाई ती थाटाने करतात, त्यासाठी घरोघर फिरतात, गल्लीतले प्रत्येक घर त्यांना ठाऊक असते. त्याच कार्यकर्त्यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपापल्या गल्लीतल्या आठवी पास मुलांची यादी करावी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांच्या बापाऐवजी जमेल तिथे स्वतः धावपळ करावी आणि प्रत्येक मुलाचे, विशेषतः प्रत्येक मुलीचे नाव नववीच्या रजिस्टरात चढेपर्यंत पाठ सोडू नये.