शब्दाआधी चित्र

चित्रकार्ड : एका कार्डावर एकच वस्तू किंवा क्रिया, खाली ठळक अक्षरांत शब्द. बोलता न येणारं मूल पाण्याचं कार्ड बाईंच्या हातात देतं. बाई ‘पाणी’ म्हणत लगेच पेला पुढे करतात. कार्ड देणं हेच त्याचं बोलणं. चित्रांमुळे मूल बोलायचं टाळतं, हा गैरसमज.

पेक्स : कार्डांच्या देवाणघेवाणीची पद्धत. अमेरिकेत १९८५ मध्ये अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी आखली. टप्पे ६.

चित्र-वेळापत्रक : कार्डाने मूल मागतं, वेळापत्रकातून त्याला पुढचं कळतं. प्रार्थना, वाचन, खिचडी, सुट्टी. उरकलेलं चित्र ‘झालं’च्या खिशात. लोहा तालुक्यात माळेगावच्या यात्रेआधीही हे उपयोगी : गर्दी, घोडे, खंडोबाचं दर्शन, भंडारा, एसटीने घरी. गोंगाटाला बिचकणाऱ्या मुलाला शेवटचं चित्र फार मोलाचं.

जेलो : आयआयटी मुंबईत घडलेलं मोफत अ‍ॅप. चित्राला बोट लावलं की आवाज, मराठीतही.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१. स्वमग्नता त्यात आली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या किंवा विशेष शाळेत.