लॉगिन की लॉग इन?

इंग्रजीत दोन शब्द जोडायचे की सुटे लिहायचे, हा प्रश्न स्पेलिंगचा वाटतो. खरं तर तो व्याकरणाचा आहे. नाम किंवा विशेषण असेल तर बहुधा जोडून, क्रियापद असेल तर सुटं. पुरावा हवा तर भूतकाळ करून बघा: 'लॉग्ड इन' होतं, 'लॉगिन्ड' कोणी म्हणत नाही. प्रत्यय मधे शिरतो, म्हणजे तिथे फट आहेच. 'बॅकअप'लाही हीच कसोटी. 'एव्हरीडे शूज' म्हणजे रोजच्या वापरातले बूट. पण 'रोज चालतो' म्हणताना 'एव्हरी डे' सुटंच, कारण मधे 'सिंगल' घातलं तरी वाक्य चालतं. बुटांच्या आधी तसं घालून बघा, लगेच बिघडेल.

कोणी म्हणेल, भाषा बदलतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही 'टुडे' मधे रेघ देऊन छापत. बरोबर, पण तिथे मधे काही शिरत नव्हतं, म्हणून सांधा बुजला. 'अ लॉट'मध्ये 'होल' आजही शिरतो, म्हणून ते जोडून लिहिणं अजून चूकच मानतात. (वाटप करणारं 'अलॉट' वेगळं, त्यात एल दोन.) आणि पोलिसांना शरण गेलेला चोर 'टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस', इथे 'इनटू' जोडलंत, तर चोराचाच पोलीस होतो!