ऑनलाइन वारली वर्कशॉप लावताय? पैसे भरण्याआधी हे विचारा

दोन वर्षांपूर्वी रील्स बघता बघता मला एक जाहिरात दिसली. ‘लाईव्ह वारली वर्कशॉप, फक्त ३९९ रुपये.’ लगेच क्यूआर स्कॅन केला आणि पैसे भरून मोकळा झालो. रविवारी लिंक उघडली, तर रेकॉर्ड केलेला व्हिडिओच लाईव्ह म्हणून चालवलेला. माझ्या माणसाची कंबर एवढी जाड का येतेय, असं मी चॅटमध्ये तीनदा विचारलं. उत्तर देणार कोण? पलीकडे कुणी नव्हतंच.

आता तुम्ही म्हणाल, कंबरेचं एवढं काय? वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. बघायला एकदम सोपं, पण ती टोकं जुळतात तिथेच नवशिक्याची फजिती होते. मूळ पद्धतीत लग्नघराच्या सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी चौक काढतात. रंग म्हणजे तांदळाच्या पिठाची पेस्ट आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पेस्ट किती घट्ट हवी, काडी किती दाबायची, हे व्हिडिओत ‘दिसतं’, पण आपल्या हाताचं काय चुकतंय ते व्हिडिओ सांगत नाही.

म्हणून आता मी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारतो : ‘क्लास चालू असताना माझा हात तुम्हाला दिसणार का?’ खरा शिकवणारा लगेच सांगतो, बॅचमध्ये किती जण आहेत आणि कॅमेरा कसा लावायचा. ‘लाइफटाइम ॲक्सेस मिळेल’ असं गोलमाल उत्तर आलं, तर तो रेकॉर्डेड कोर्स समजा. रेकॉर्डेड कोर्स वाईट नसतो हां, फक्त त्याला लाईव्हचे पैसे देऊ नका.

पुढे डहाणूकडच्या एका ताईंचा क्लास लावला. आठच जण होतो. आणि खरी कसरत इथे सुरू झाली, कारण हात दाखवायला फोन वरून खाली बघणारा पाहिजे. मी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकली, तिच्यावर फोन उताणा ठेवला आणि मागचा कॅमेरा पट्टीच्या बाहेर काढला. झूममध्ये कॅमेरा फिरवायचं बटण दाबलं की मागचा कॅमेरा सुरू होतो. पण मग स्क्रीन वरच्या बाजूला, ताई दिसणार कशा? त्यासाठी आईच्या फोनवरून त्याच मीटिंगला जॉइन झालो. तुम्हीही असं केलंत, तर एका फोनचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर अशी शिट्टी वाजते की अख्खी बॅच कान धरते. (अनुभव आहे.) दिवा डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुरे असाल तर उलटं. दोन तासांचा क्लास रोजच्या डेटा पॅकचा मोठा घास घेतो, त्यामुळे वाय-फाय मिळालं तर बरंच.

ताईंनी पाच मिनिटांत पकडलं. मी काडी पेनासारखी आडवी धरत होतो आणि पेस्टही पातळ झाली होती. ‘उभी धर, आणि टोकापासून बाहेर ओढ,’ एवढंच म्हणाल्या.

ते ३९९ रुपये काही परत आले नाहीत. तक्रार केल्यावर उलट एक फोन आला, ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ मी फोन ठेवला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असं कुणी फसलंच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

त्या क्लासमध्ये काढलेला तारपा नाच सध्या माझ्या फोनचा वॉलपेपर आहे. नाचणाऱ्यांतल्या दोघांची कंबर अजून जाडच आहे.